जीपची हळद

दिवाळी अंकाचे संपादक गॅरेजवर येऊन म्हणाले, उस्ताद, तुमचा चाळीस वर्षांचा प्रवास लिहून द्या. त्यांना म्हणलं, मी कसला प्रवास केला? प्रवास गाड्यांनी केला, मी त्यांच्याखाली उताणा पडून होतो. भूमच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर गॅरेज आणि तिथून दोन गल्ल्या सोडून घर, एवढाच माझा मुलूख. पण गडी चिकट निघाला, उठायलाच तयार नाही. त्यात घरचाही टोमणा बसला. आमच्या बेगमनं चहा देता देता सुनावलं, की हळदीची अर्धी गोष्ट तुम्ही सगळ्या तालुक्याला ऐकवलीय, उरलेली अर्धी मरायच्या आत एकदा सांगून टाका. म्हणून तीच सांगतो. पहिली अर्धी सांगताना माझी छाती फुगते आणि दुसरी सांगताना मान खाली जाते, हे आधीच कबूल.

मी जुन्या जीपांचा मिस्त्री. लष्कराच्या लिलावातून आलेल्या, पुढची-मागची चारी चाकं ओढणाऱ्या, पत्रा गेला तरी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, न सोडणाऱ्या. नव्या गाड्या आल्या की मी त्या पुढच्या गॅरेजला दाखवून देतो. त्यांचं दुखणं कॉम्प्युटरला विचारावं लागतं. जुनी जीप स्वतःच सांगते, फक्त ऐकणाऱ्याला दम पाहिजे.

आणि आमच्याकडं तिचं एकच मोठं दुखणं, गरम होणं. बाहेरच्या माणसासाठी जरा फोड करून सांगतो. इंजिन म्हणजे चूल. तिच्याभोवती पाणी फिरतं, उष्णता घेतं आणि पुढं जाळीमागच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथं बारीक बारीक नळ्यांतून ते खाली उतरतं, पंख्याचं वारं लागून निवतं आणि परत चुलीकडं जातं. हे फिरणं कुठंही अडलं की गाडी उकळते. कुठं अडलं ते शोधायचं, एवढाच धंदा. माझी शोधायची रीत तळहाताची. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरवर वरून खाली हात फिरवायचा. सगळीकडं हाताला सारखं ऊन, म्हणजे गरम, लागलं पाहिजे. मध्येच गार पट्टा लागला तर समजायचं, तिथल्या नळ्या बुजल्या. या हातानं मी कित्येक जीपा बऱ्या केल्या, आणि ज्या दिवशी हा हात फिरवायचा आळस केला त्या दिवशी फजिती झाली.

आता पहिली अर्धी गोष्ट. मी तिशीचा असेन. वाशीकडच्या एका ओळखीच्या घरचं लग्न, नवरी परंड्याची. नवरदेवाची जीप माझ्या हातची, म्हणून मीही वऱ्हाडात. परंडा अजून लांब आणि रेडिएटरला चीर गेली. पाणी घालावं तर खालून धार. झाड नाही, घर नाही, वऱ्हाडी घामाघूम, आणि तिकडं मुहूर्ताची घाई. बार्शीला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या उस्तादांनी सांगितलं होतं, की अडचणीत हळद टाक, ती पाण्यात फुगते आणि चिरेत जाऊन बसते. हळद कुठून आणू? तर नवरदेवाची बहीण मांडीवर वाटी घेऊन बसलेली. वाटीत उष्टी हळद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडं न्यायची आणि तिला लावायची, असा रिवाज. ती वाटी मी मागितली तेव्हा म्हातारी माणसं माझ्या अंगावर आली. नवरदेव मात्र शहाणा. तो म्हणाला, लग्नच लागलं नाही तर हळदीचं काय लोणचं घालायचंय? अर्धी वाटी रेडिएटरमध्ये गेली, धार थांबली आणि आम्ही मुहूर्ताला पोचलो. नवरीच्या आधी जीपला हळद लागली म्हणून दोन्हीकडची मंडळी पोट धरून हसली.

त्या दिवसापासून मी हळदवाला उस्ताद. भूम, वाशी, परंडा, जिथं जुनी जीप तिथं माझं नाव आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात हळदीची पुडी. मीही चढून गेलो. फोनवर कुणी म्हणलं गळतंय, की मी म्हणायचो हळद टाका. हळद ही चिंधी आहे, जखमेवर तेवढ्यापुरती बांधायची, घरी पोचलं की रेडिएटर धुऊन चिरेला डाग द्यायचा, म्हणजे झाळून घ्यायची, हे मी सांगत नव्हतो. सांगायला वेळ लागतो आणि वाहवा तर पहिल्या वाक्यालाच मिळून जाते.

आता दुसरी अर्धी. दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे.

आमचा भाग खव्याचा. भूमकडचा खवा लांब लांब जातो. डोंगरावरच्या एका गावात गयाबाईंची खव्याची भट्टी आहे. बाई साठीच्या, बोलायला तिखट, व्यवहाराला चोख. भट्टी वर गावात आणि दूध घाटाखालच्या वस्त्यांवर, त्यामुळं रोज पहाटे रिकामे कॅन घेऊन जीप खाली उतरायची आणि भरलेले कॅन घेऊन घाट चढायची. वर्षानुवर्षं ही जीप गयाबाईंचे मालक अण्णा चालवायचे. त्यांची नजर गेली, मुलगा पुण्याला कंपनीत, म्हणून अण्णांनी सुनेला शिकवलं. रिकाम्या रानात शेजारी बसून, नुसत्या आवाजावर. सुनेचं नाव सुनंदा. ती जीप चालवायला लागली तेव्हा बघायला लोक रस्त्यावर यायचे. चार महिन्यांत सवय झाली, मग कुणी मान वर करून बघेना.

त्या उन्हाळ्यात जीप घाटात उकळायला लागली. वाटेत अर्धा-पाऊण तास उभी राहायची आणि वर ऊन चढायचं. दूध अशा वेळी वाट बघत नाही. दोनदा सगळेच्या सगळे कॅन नासले. नासलेल्या दुधाचा खवा होत नाही, ते ओतून द्यावं लागतं, आणि वस्तीवरच्या बायकांना तोंड दाखवायची चोरी होते.

गयाबाई जीप घेऊन माझ्याकडं आल्या, म्हणजे चालवत सुनंदाच आली. मी बघितलं. पंख्याचा पट्टा ताणलेला. ऑइलात पाणी नाही, म्हणजे आतली पॅकिंग शाबूत. पाण्याचा पंप ठीक. रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी वरपर्यंत. जरा पिवळट दिसलं, मी म्हणलं गंज असेल. रेडिएटर खोलायचा विचार मनात आलाच नाही, कारण तो दीड वर्षापूर्वी मीच बसवून दिलेला. माझ्या हातचं काम बिघडेल कशाला? मग रिकामी जीप घेऊन मी सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली. तापमानाचा काटा हलला नाही.

गयाबाईंनी सरळ विचारलं, "उस्ताद, खोट गाडीत हाय का चालवणारीत? तुमी म्हणाल तसं करते."

मी हात पुसत म्हणालो, "गाडी ठीक हाय बाई. घाटात कुठला गिअर कवा टाकायचा, ते कळायला जन्म जातो."

नाव घेतलं नाही, पण घेतल्यासारखंच होतं. सुनंदा किल्ली हातात धरून तिथंच उभी होती. तिच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं, हेच मला आज सगळ्यात जास्त लागतं. गयाबाईंनी त्याच दिवशी एक पगारी ड्रायव्हर ठरवला. सोमवारपासून यायचं कबूल करून तो गेला.

शुक्रवारी दुपारी सुनंदा एकटी आली. जीप बंद केली, पण खाली उतरली नाही. ती मला चाचा म्हणते.

"चाचा, सोमवारी नवा डायवर यायलाय. त्याच्या आदी एक डाव माझ्या शेजारी बसून घाट चढा. मग माझं चुकतंय म्हणलात तर म्या स्टेरिंगला हात लावणार न्हाय."

मला राग आला, खरं सांगतो. माझ्या शब्दावर शंका म्हणजे काय? पण ती जागची हलेना, आणि लोक बघायला लागले. शेवटी मी म्हणलं, ठीक आहे, उद्या पहाटे येतो.

शनिवारी पहाटे तिच्या शेजारी बसलो तेव्हा माझ्या मनात चुकांची यादी करायची तयारी होती. घाट उतरताना तिनं इंजिनावर गाडी धरली, ब्रेक जाळला नाही. चला, एक बरोबर. खाली वस्त्यांवर दूध भरताना सगळीकडं बायका तिला विचारत होत्या, सोमवारपासून तू न्हाईस का म्हणं? ती सगळ्यांना एकच सांगायची, दूध येळंवर काढून ठिवा म्हणून. एका म्हातारीनं तिच्या हातात भाकरी बांधून दिली. नंतर कळलं, त्या म्हातारीच्या नातीला रात्रीत दुखायला लागलं तेव्हा सुनंदानंच दवाखान्यात पोचवली होती.

भरल्या गाडीनं चढाला लागलो. मी तिला विचारलं, इतकं का लावून घेतलंस, पगारी माणूस आला तर तुला आरामच की. तिनं समोरची नजर काढली नाही.

"घरातली चूल झाली, भट्टीची चूल झाली. सगळीकडं जाळापुढं बसूनच दिवस जातोय. ही एकच जागा हाय चाचा, जिथं मला वारं लागतं."

 यादी करायला तोंडच राहिलं नव्हतं, कारण ती माझ्यापेक्षा चांगला घाट चढत होती. चढ यायच्या आधी गिअर खाली, इंजिनाला ओरडू देत नव्हती आणि गुदमरूही देत नव्हती. अण्णांनी आवाजावर शिकवलेलं, ती कानानं चालवत होती. तरी पाचव्या वळणाशी काटा लालात गेला. तिनं घाबरून इंजिन बंद नाही केलं. गाडी कडेला घेतली, चाकामागं दगड लावला, इंजिन हळू चालू ठेवलं आणि वाट बघितली. जरा निवल्यावर बंद केलं, फडकं टाकून झाकण एक आटा सैल केलं, वाफ जाऊ दिली, मग उघडलं. शिकवायला माझ्याकडं काही उरलं नाही.

मग तिनं सीटखालून एक स्टीलचा डबा काढला. घरात मसाल्याला असतो तसला. आत हळद आणि एक चमचा. चमचाभर हळद तिनं रेडिएटरमध्ये टाकली, वरून पाणी घातलं.

मी म्हणलं, "हे काय करायलीस?"

"हळद. तुमीच सांगितलं की फोनवर. गळलं की टाक म्हणून."

मला आठवलं. वर्षापूर्वी तिचा फोन आला होता, रेडिएटरमधून थेंब येतोय म्हणून. मी जेवत होतो. हळद टाक म्हणलं आणि ठेवून दिला. विचारलं, त्या दिवसापासून किती वेळा टाकलीस? तर म्हणाली, आठवड्यातून दोन-तीनदा, थेंब दिसला की. कुठं दिसतो थेंब? तिनं दाखवलं. झाकणाशेजारून एक बारीक नळी खाली सोडलेली असते, गाडी तापली की जास्तीचं पाणी त्यातून बाहेर पडतं. ती गळती नव्हेच. गाडीला घाम यावा तसं ते आहे. पण हे तिला कुणी सांगितलं होतं? मी तर नाहीच. खरी चीर पहिल्याच हळदीनं बुजली होती. नंतर उरलेल्या हळदीनं नळ्या बुजायला लागल्या, म्हणून गाडी तापली. तापली म्हणून नळीतून पाणी पडलं. पाणी पडलं म्हणून हळद पडली. वर आमचं बोअरचं जड पाणी, भांड्याला पांढरा थर आणणारं, त्यात ती हळद गिलाव्यासारखी बसली.

मी खाली उतरून रेडिएटरवर तळहात फिरवला. वरची टाकी हात पोळेल इतकी ऊन आणि मधला सगळा भाग गार. त्या दिवशी गॅरेजात गाडी तापवून नुसता हा हात फिरवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण मी आधीच निकाल देऊन मोकळा झालो होतो. कठड्याच्या दगडावर जाऊन बसलो. 

तिला सगळं सांगितलं. जीप कशानं तापते, थेंब कशाचा, आणि हे कुणामुळं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं हळदीचा डबा बंद करून माझ्या हातात दिला.

"मला सांगून काय उपेग? हे आत्याबाईला सांगा. म्या सांगितलं तर कोण ऐकंल?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू, गयाबाई. मी म्हणलं, सांगतो. पण आधी गाडी नीट करून. नुसत्या तोंडानं एकदा घात केलाय, आता नुसत्या तोंडानं भरपाई करत नाही.

त्या दिवशी दूध थोडक्यात वाचलं. दुपारी जीप गॅरेजवर आणून मी रेडिएटर उतरवला. रविवारच्या दुधाला त्यांनी गावातला एक टेम्पो लावला. रेडिएटरला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, डाग वितळवून वरची टाकी मीच उघडली. आत बघितलं आणि शरम वाटली. नळ्यांच्या तोंडावर पिवळी खरपूड, पिठलं करपलेल्या कढईच्या बुडाला असते तशी घट्ट. नळ्यांतून एक एक करून बारीक सळई घातली, सोड्याच्या गरम पाण्यानं धुतलं, परत सळई, परत पाणी. गॅरेजात कच्च्या हळदीचा आणि गंजाचा वास भरून राहिला. घरून डबा घेऊन आलेल्या बेगमनं विचारलं, कुणाचं लग्न काढलंय? मी पुढच्या नळीत सळई घातली. रविवारी संध्याकाळी सगळ्या नळ्यांतून पाणी सारखं पडलं, तेव्हा जुन्या चिरेला नीट डाग दिला आणि टाकी बंद केली. साधं बोअरचं पाणी न घालता ठेवणीतलं गोडं पाणी आणि हिरवं कूलंट भरलं.

सोमवारी पहाटे जीप घेऊन मी वर गेलो. भट्टीपुढं नवा ड्रायव्हर येऊन थांबलेला. भांग पाडून, खांद्यावर टॉवेल टाकून. चांगला माणूस, त्याचा काय दोष? अण्णा बाजेवर बसलेले. सुनंदा कॅन धुऊन दारात मांडत होती, रोजच्यासारखी. गयाबाईंनी किल्लीसाठी माझ्यापुढं हात केला. मी किल्ली दिली नाही.

"बाई, गाडी सुनंदानं गरम केली न्हाय. म्या केली. हळद टाक म्हणून म्या सांगितलं, कवा थांबायचं ते सांगितलं न्हाय. आन् मग चूक तिच्यावर ढकलली. ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवती."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकापुढं मी असं कधी बोललो नव्हतो. अण्णांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली आणि हळूच म्हणाले, म्या कवापासून सांगायलोय, आवाज तिचा न्हाय, गाडीचा बिघडलाय. त्यांचंही कुणी ऐकलं नव्हतं. नजर गेली की माणसाचं बोलणंही धूसर होतं की काय, कोण जाणे.

गयाबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. त्यांचं तोंड कठीण झालं होतं. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि बसायलाच पाहिजेत.

"तुमच्या शब्दावर म्या घरच्या पोरीला चार माणसांत बोलले, उस्ताद," एवढंच त्या म्हणाल्या. मग ड्रायव्हरकडं वळून म्हणाल्या, "तू थांब हितंच. दूध वर आलं तर खरं."

बोलण्यावर विश्वास ठेवून त्या एकदा पोळल्या होत्या. मला ते पटलं. मी माझ्या सवयीनं पुढच्या सीटवर चढायला गेलो, तर बाईंनी पदर खोचला.

"तुमी मागं बसा कॅनापाशी. सुनंच्या शेजारी म्या बसते."

त्या कधी त्या जीपमध्ये बसल्या नव्हत्या, निदान सुनंदा चालवायला लागल्यापासून. मी किल्ली सुनंदाच्या हातात ठेवली आणि मागं पत्र्यावर बसलो. उतारावर कॅन माझ्या गुडघ्यांवर आपटत होते. खाली वस्त्यांवर बायका गयाबाईंना पुढं बसलेलं बघून गोळा झाल्या, काय ठरलं विचारायला लागल्या. बाई म्हणाल्या, दूध वता आधी. कॅन भरले, माझी बसायची जागा अजून आकसली आणि आम्ही चढाला लागलो.

मागून काटा दिसत नव्हता. इंजिनाचा आवाज ऐकत होतो आणि मनात दुआ मागत होतो. डाग धरेल का, एखादी नळी राहिली असेल का, शंभर शंका. पाचवं वळण आलं. गाडीचा वेग कमी झाला तसं मला वाटलं, उकळली. पण तिनं नुसता गिअर टाकला होता.

"हितंच थांबत व्हतीस न्हवं?" बाईंचा आवाज आला.

"व्हय."

"मग?"

"आज काम न्हाई थांबायचं, आत्याबाई."

 डोंगरमाथ्यावर आलो तेव्हा नुकतं ऊन पडत होतं. मी उडी मारून उतरलो, गुडघ्याची पर्वा न करता, आणि रेडिएटरवर तळहात फिरवला. वरपासून खालपर्यंत सारखं गरम. मला रडूच आलं. म्हातारपणी असं होतं म्हणतात, पण ते म्हातारपणाचं नव्हतं.

नवा ड्रायव्हर भट्टीपाशी अजून उभा होता. जीप बघून तो किल्ली घ्यायला पुढं आला. गयाबाई पदर सोडत खाली उतरल्या, पहिल्या कॅनचं झाकण उघडून दूध बोटावर घेतलं, चाखलं आणि त्याला म्हणाल्या, "बाबा, चा पी आन् जा. आमच्या घरात डायवर हाय."